लाकूड कातणाऱ्यांचे मंडळ

मराठी माणसाला मंडळ काढायला निमित्त लागत नाही. चार माणसे ओट्यावर बसली, की पाचवा येईपर्यंत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ठरलेले असतात. गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ, व्यायाम मंडळ, वधूवर सूचक मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ, सकाळी बागेत जमून खदाखदा हसणाऱ्यांचे मंडळ. आपल्या शहरांतून काय नाही? परंतु या सगळ्या मंडळांत एक गोष्ट समान आहे. तेथे आपण बोलतो, गातो, ऐकतो, टाळ्या वाजवतो, वर्गणी देतो आणि शेवटी अल्पोपाहार घेतो. हातांनी एखादी वस्तू घडवण्यासाठी, आणि तीही पोटासाठी नव्हे तर केवळ हौसेसाठी, सुशिक्षित माणसे जमतात असे मंडळ माझ्या ओळखीत एकही नव्हते. म्हणूनच २०२३ च्या उन्हाळी सुटीत अमेरिकेतील ओहायो राज्यात लाकूड कातणाऱ्यांच्या एका मंडळाचा मला जो सहवास घडला, त्याची हकिगत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

कातणे म्हणजे काय?

'कातणे' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चरखा आणि सूत येते. पण लाकूडही कातले जाते. लाकडाचा तुकडा यंत्रात धरून गरगर फिरवायचा आणि त्या फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावून गोल आकार द्यायचा, हे कातकाम. ते करणारा तो कातारी. आणि ज्या यंत्रावर ते करायचे त्याला आज सर्रास 'लेथ' म्हणतात. सुताराच्या इतर कामांत लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. इथे लाकूड फिरते आणि हत्यार हाताने टेकवून धरायचे असते. संस्कृतात 'कृत्' धातूचे दोन अर्थ आहेत, कापणे आणि सूत काढणे. मराठीच्या एका 'कातणे'त हे दोन्ही व्यवसाय शेजारी शेजारी नांदतात.

आपल्या घरात नुसती नजर फिरवावी. लाटणे, रवी, भोवरा, बुद्धिबळातली प्यादी, पाळण्याचे दांडे, पाळण्यावर टांगलेले चिमणाळे, देव्हाऱ्याचे खांब, आजीच्या पलंगाचे पाय, लाखेचा कुंकवाचा करंडा; सारी कातारीची कृपा! आम्ही मराठीची प्राध्यापक मंडळी तर 'कातीव' हे विशेषण वर्गात मोठ्या सढळ हाताने वाटत असतो. अमक्याची शैली कातीव, तमकीची वाक्यरचना कातीव. ज्यात एक ढलपीसुद्धा जास्तीची उरलेली नाही, ते कातीव. हा शब्द ज्या कारखान्यातून भाषेत आला, तेथे प्रत्यक्ष उभे राहण्याचा योग मात्र मला पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तोही सातासमुद्रापलीकडे आला.

विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचे एक शिल्पचित्र आहे. त्यात दोन माणसे लेथवर काम करीत आहेत. एक दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसऱ्याने हत्यार धरले आहे. लंडनच्या कातारींच्या संघाला राजा पहिला जेम्स याने १६०४ साली सनद दिली, आणि तो संघ आजही आहे. आपल्याकडे कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी प्रसिद्धच आहेत. तेथे लेथवर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि मग केवड्याचे पान दाबून धरले की तिला आरशासारखी झिलई येते. आणि कोकणात सावंतवाडी आहे. तेथल्या चितारआळीतली लाकडी आंबे, केळी, सीताफळे आणि मुलींची भातुकली पाहिली नाही असे मराठी घर विरळाच.

मामांची गोष्ट

माझे मामा मूळचे या सावंतवाडीचेच. लहानपणी शाळेतून येताना ते चितारआळीत उभे राहत. एक मुलगा दोरी ओढतो आहे, लाकूड घुमते आहे, आणि पाहता पाहता ठोकळ्यातून भोवरा बाहेर पडतो आहे, हे पाहताना त्यांना घर आठवत नसे. एकदा त्यांनी 'मलाही हे शिकायचे आहे' असे घरी सांगितले. आजोबा कचेरीत कारकून होते. ते शांतपणे म्हणाले, "ती त्यांची विद्या. आपली पाटी-पेन्सिल." विषय तेथेच संपला. त्या वाक्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी होती. ज्याच्या हातात हत्यार त्याच्या हातात पुस्तक नाही, आणि ज्याच्या हातात पुस्तक त्याने हत्याराला शिवायचे नाही. आपल्या समाजाचे या वाटणीने किती नुकसान केले, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

मामा पाटी-पेन्सिलीच्या वाटेने गेले. यंत्रशास्त्राचे इंजिनिअर झाले आणि १९७३ साली अमेरिकेत पोचले. चाळीस वर्षे त्यांनी कागदावर आणि नंतर संगणकावर यंत्रांचे आराखडे काढले. "अगो, इतकी यंत्रे काढली," ते मला म्हणाले, "पण हाताला कधी तेल लागले नाही!"

२०२० च्या जानेवारीत मामी गेल्या. मुलगी कॅलिफोर्नियात, म्हणजे विमानाने चार-पाच तासांवर. दोन महिन्यांत करोनाची साथ आली आणि सत्तरी ओलांडलेले मामा त्या चार खोल्यांच्या घरात एकटे अडकले. तेव्हा त्यांना चितारआळी आठवली. त्यांनी एक लेथ मागवला, मोटार ठेवायच्या खोलीत मांडला, आणि यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून काम सुरू केले. तीन-चार महिने बरे गेले. मग एके दिवशी वाडगा कातताना हत्यार लाकडात अडकले, लाकडाचा अडीच किलोचा ठोकळा यंत्रातून सुटला आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन दाराच्या काचेतून बाहेर पडला. तोंडावर मुखवटा नव्हता.

"मी यंत्र बंद केले आणि खुर्चीवर बसलो," मामांनी सांगितले. "लागले काहीच नव्हते. पण मनात आले, हा ठोकळा चार बोटे अलीकडून गेला असता तर मी येथेच पडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन येईपर्यंत जगात कोणाला पत्ता लागला नसता."

काच बसवायला आलेल्या माणसाने त्यांना गावातल्या कातकाम-मंडळाचा पत्ता दिला. साथ ओसरून सभा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा, २०२१ च्या उन्हाळ्यात, मामा त्याचे सभासद झाले. वर्षाची वर्गणी चाळीस डॉलर. तिकडच्या मानाने ही रक्कम म्हणजे दोघांचे एक वेळचे बाहेरचे जेवण.

दुसरा शनिवार

अशी मंडळे त्या देशात गावोगावी आहेत. १९८५ साली टेनेसी राज्यातील ॲरोमाँट या हस्तकला-विद्यालयात कातारींचे एक संमेलन भरले. त्यातून पुढच्या वर्षी, १९८६ साली, 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही संस्था निघाली. डेव्हिड एल्सवर्थ हे नामांकित कातारी तिचे पहिले अध्यक्ष. आज तिच्याशी जोडलेल्या स्थानिक शाखा साडेतीनशेहून अधिक आहेत. ब्रिटनमध्येही १९८७ साली तशीच संस्था स्थापन झाली.

मामांच्या मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका हायस्कुलाच्या सुतारकामाच्या खोलीत भरते. मामा मला घेऊन गेले तेव्हा पन्नासएक माणसे जमली होती. आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झालेले एक आजोबा, एक दंतवैद्य, एक शाळामास्तर, एक बसचालक, दोन परिचारिका, आणि आपल्या आईला घेऊन आलेली सोळा वर्षांची एक मुलगी. प्रत्येकाच्या छातीवर ठळक अक्षरांत फक्त पाळण्यातले नाव. हुद्दा नाही, आडनाव नाही, पदवी नाही. आपल्या सभांत पदव्यांची माळ ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे कळेल.

प्रथम एका लांब टेबलावर महिनाभरात केलेल्या वस्तू मांडायच्या. वाडगे, डब्या, फुलदाण्या, लेखण्या, भोवरे. चांगल्याच आणायच्या असा नियम नाही. तडकलेला वाडगाही मानाने ठेवायचा, आणि तो का तडकला हे उभे राहून सांगायचे. मग तासदीड तास प्रात्यक्षिक. लेथवर दोन-तीन कॅमेरे लावलेले, समोर मोठा पडदा, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही हत्याराची धार दिसावी. मधल्या वेळात कॉफी. एका कोपऱ्यात पुस्तकांचे कपाट, दुसऱ्यात ओंडक्यांचा ढीग; तिकिटे काढून त्यांची सोडत. आणि सगळ्यांत गमतीची प्रथा म्हणजे 'परतफेड'. महिन्याला एक सभासद आपण केलेली वस्तू सोडतीत ठेवतो. ज्याला ती मिळते त्याने पुढच्या महिन्यात स्वतः केलेली वस्तू आणून ठेवायची. हळदीकुंकवाच्या वाणासारखी ही वस्तू हातोहात फिरत राहते, आणि कोणालाही महिनाभर स्वस्थ बसता येत नाही!

पाहणे आणि पाहिले जाणे

आता प्रश्न असा, की जे यूट्यूबवर फुकट पाहायला मिळते त्यासाठी मंडळात कशाला जावे? मी मामांना हेच विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. ते म्हणाले, "व्हिडिओ आपल्याला दिसतो, पण व्हिडिओला आपण दिसत नाही."

मंडळातल्या त्या बंबवाल्या आजोबांना मामा दिसले. पहिल्याच दिवशी ते मामांच्या मागे उभे राहिले आणि पाच मिनिटे काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आवाज ऐक. हत्यार रडते आहे. धार गेली." मामांनी तोपर्यंत सगळी चूक आपल्या हाताची धरली होती, ती होती धारेची. पुढचे तीन शनिवार त्यांना लाकडाला हात लावू दिला नाही. फक्त धार. पटाशीचा उतार सहाणेच्या चाकावर नेमका कसा टेकवावा, ठिणग्या धारेवरून खाली उतरू लागल्या की कधी थांबावे, प्रत्येक वेळी तोच कोन कसा साधावा. आपल्याकडे गायनाचा गुरू शागिर्दाला वर्षभर एकच षड्ज लावायला सांगतो, त्यातलाच प्रकार.

मग उभे राहणे. ज्या रेषेत लाकूड सुटून येईल त्या रेषेत डोके ठेवायचे नाही; यंत्र सुरू करताना बाजूला उभे राहायचे. बाह्या आखूड, केस बांधलेले, अंगठी काढलेली, ओढणी तर नाहीच. आणि हातमोजे घालायचे नाहीत, कारण फिरते लाकूड मोज्यासकट हात ओढून नेते. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पारदर्शक मुखवटा. हत्यार आधी टेकणीवर ठेवायचे, मग त्याचा उतार लाकडाला नुसता घासू द्यायचा, आणि मगच मूठ किंचित उचलून कापायला लागायचे. हा क्रम चुकला की हत्यार लाकडात घुसते.

वेगाचा एक सोपा हिशेब तेथे मुलांच्या पाढ्यासारखा पाठ करून घेतात. वाडग्याचा व्यास इंचांत घ्यावा, त्याला यंत्राच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान असावे. म्हणजे १० इंचांच्या वाडग्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेऱ्या. लाकूड ओबडधोबड असेल, तर आरंभ त्याहूनही सावकाश.

मामांच्या अपघाताचे कारणही बंबवाल्या आजोबांनी शोधून काढले. पन्हाळीच्या आकाराची एक मोठी, जाड पटाशी असते. ती फक्त दांड्यासारख्या लांब कामासाठी. तेथे लाकडाचे रेषे यंत्राच्या अक्षाला समांतर असतात. वाडगा कातताना रेषे आडवे असतात, आणि दर फेरीत दोनदा रेष्यांची उभी टोके हत्यारासमोर येतात. तेथे ही रुंद पटाशी हमखास अडकते, आणि मुठीत शिरणारा तिचा बारीक दांडा मोडूही शकतो. दुकानात दोन्ही पटाश्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दिसायला सख्ख्या बहिणी. सुटलेल्या लाकडाने माणसे जायबंदी झाली आहेत, दगावलीही आहेत. चाळीस डॉलरांत मामांना काय मिळाले, असे कोणी विचारील तर पहिले उत्तर हे की त्यांचे डोके जागेवर राहिले.

आणि फुप्फुसेही. लाकडाची बारीक धूळ दिसायला निरुपद्रवी वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली तिला कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातले आहे. मंडळाच्या खोलीत धूळ ओढून घेणारी यंत्रे चालू असतात, आणि नाकावर पट्टी न बांधता कोणी काचकागद हातात घेतला तर सोळा वर्षांची ती मुलगीसुद्धा त्याला दटावते.

तुतीचे झाड

लाकूड विकत घ्यावे लागते, अशी माझी कल्पना होती. मंडळातली माणसे क्वचितच घेतात. वादळात झाड पडले, कोणी घराला अडचण होते म्हणून तोडले, की फोन येतो आणि चार सभासद यांत्रिक करवती घेऊन निघतात. त्या भागात ॲश नावाच्या झाडांवर मोठे अरिष्ट आले आहे. आशियातून आलेला एक चकचकीत हिरवा किडा २००२ साली मिशिगन राज्यात प्रथम आढळला. त्याने आजवर कोट्यवधी झाडे मारली. बेसबॉलच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडाच्या कातल्या गेल्या, ते हे लाकूड. रस्तोरस्ती उभी वाळलेली ही झाडे जळणात जाण्याऐवजी काही अंशी तरी कोणाच्या टेबलावरचा वाडगा होऊन राहतात, ही मंडळांची कामगिरी लहान नाही.

मामांच्या परसात एक तुतीचे झाड होते. मामींचा त्यावर जीव. जूनमध्ये त्याची फळे पडून अंगण जांभळे होई, बुटांबरोबर डाग घरात येत. मामा दरवर्षी ते तोडण्याची भाषा करीत आणि मामी दरवर्षी त्याच्या आड उभ्या राहत. २०२१ च्या शरद ऋतूत एका वादळी रात्री ते उन्मळून पडले. नगरपालिकेची माणसे ते भुगा करून नेणार होती. मामांनी आयुष्यात प्रथमच, मुलीखेरीज कोणाला तरी आपणहून फोन केला. त्यांना मंडळात जाऊन चारच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात माणसे आली.

त्यांनी दिवसभर खपून खोडाचे तुकडे केले, प्रत्येकाचा गाभा काढून टाकला, कारण तडा तेथूनच सुरू होतो. कापलेल्या तोंडांना मेण फासले, म्हणजे ओल हळूहळू सुटावी. ताजे तुतीचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते. पुढे उजेडाने ते मधासारखे आणि मग तपकिरी होते. परिचारिका असलेल्या एका सभासद बाईंनी जाताना विचारले, "हे झाड कोणी लावले होते?" मामा म्हणाले, "माझ्या बायकोने." एवढेच संभाषण. पण मामींविषयी कोणीतरी काही विचारले, त्याला तेव्हा वर्ष उलटून गेले होते.

ओल्या लाकडाचा वाडगा दोनदा कातावा लागतो, हे मला तेथे कळले. पहिल्यांदा तो मुद्दाम जाड ठेवतात. व्यासाच्या एक-दशांश, म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याची भिंत एक इंच. मग तो कागदी पिशवीत घालून महिनोन्‌महिने बाजूला ठेवायचा. लाकूड सुकताना सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आटते. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. पुरता वाकला आणि स्थिरावला, की तो पुन्हा यंत्रावर चढवायचा आणि दुसऱ्यांदा गोल करायचा. भिंत आधीच पातळ केली असेल, तर या दुसऱ्या खेपेला हाताशी काही उरतच नाही.

मामांनी तुतीचे अठरा वाडगे असे ठेवले. पाच तडकले. तेरा उरले. एक मुलीकडे गेला, एक माझ्या आईकडे आला. त्यात ती देवाची फुले ठेवते. त्याच झाडाच्या फांदीचे एक लाटणे मामांनी मला दिले. ते दोन्ही टोकांना किंचित निमुळते आहे, कारण पोळी लाटताना मामी लाटणे कसे धरीत हे त्यांना आठवत होते.

देण्याची सवय

मंडळाच्या टेबलावर एका बाजूला झाकणाच्या डब्यांची वेगळी रांग होती. 'बीड्स ऑफ करेज' नावाचा एक उपक्रम अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत चालतो. कर्करोगासारखे गंभीर दुखणे झालेल्या मुलाला उपचाराच्या प्रत्येक पायरीगणिक एक मणी देतात. सुई टोचली की मणी, शस्त्रक्रिया झाली की मणी, रुग्णालयात रात्र काढली की मणी. मुलाचे सारे धैर्य असे माळेत ओवले जाते. ते मणी ठेवायला देशभरातील कातकाम-मंडळे लाकडी डब्या करून देतात. डबी पुरेशी मोठी हवी, आणि झाकण लहान मुलाच्या अशक्त बोटांनाही सहज उघडता यायला हवे. मामांची पहिली डबी मंडळाने परत केली. झाकण घट्ट होते. दुसरी स्वीकारली. "इंजिनिअरच्या परीक्षेत पास झालो तेव्हा इतका आनंद झाला नव्हता," मामा म्हणाले. त्या डबीची मालकीण की मालक कोण, हे त्यांना कधीच कळणार नाही.

मंडळ म्हटले की कुरबुरी आल्याच. त्या अमेरिकेतही आहेत. लेखण्या कातणारे आणि वाडगे कातणारे यांच्यात, आपल्याकडच्या कथाकार आणि कादंबरीकारांइतकाच, सुप्त कलह आहे. लाकडात रंगीत राळ ओतणाऱ्यांकडे जुनी मंडळी नापसंतीने पाहतात. खजिनदार व्हायला कोणी तयार नसते. लेथ स्वस्त नाही, त्याला जागा लागते, आवाज होतो. आणि दुःख काही लेथवर कातून नाहीसे होत नाही. मामा आजही रात्री नऊनंतर फारसे बोलत नाहीत. पण एका महिन्यात सर्दीमुळे ते सभेला गेले नाहीत, तर संध्याकाळपर्यंत तीन फोन आले आणि दारात सुपाचे भांडे. चार बोटांवरून ठोकळा गेला त्या दिवशी ज्यांच्या नसण्याची दखल घ्यायला कोणी नव्हते, त्यांच्या न येण्याची दखल आता पन्नास माणसे घेतात. मंडळाचा सर्वांत मोठा लाभ मला विचाराल तर हा.

यात लाकडाचाही वाटा आहे. समोरासमोर खुर्च्या टाकून पुरुषमाणसांना 'मन मोकळे करा' असे सांगितले, तर ती हवापाण्यावर बोलतात. तीच माणसे शेजारी शेजारी उभी राहून एखाद्या वाडग्याकडे पाहत असली, म्हणजे शब्द आपोआप निघतात. डोळे लाकडावर असतात, म्हणून जीभ सैल होते.

आपल्याकडे?

येथे कोणी म्हणेल, बाई, त्यांच्याकडे मोटारीसाठी वेगळी खोली असते. आमच्या दोन खोल्यांत पाळणा टांगायला जागा नाही, लेथ कोठे मांडायचा? मी म्हणते, मंडळाची गरज म्हणूनच आपल्याला अधिक. दहा कुटुंबांत मिळून एक लहान लेथ, धार लावायचे एक चाक, आणि रविवारी रिकामी असलेली शाळेची एक खोली, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. टेबलावर मावणारे लहान लेथ आता मिळतात. भोवरा, लाटणे, रवी, बुद्धिबळाचा संच, एवढ्या वस्तूंना हातभर लाकूड पुरते. आणि आपल्या शहरांत पावसाळ्यात झाडे पडायची काही कमी नाही.

गुरूही दूर नाही. जुन्या बाजारपेठेत पलंगाचे पाय आणि देव्हाऱ्याचे खांब कातणारा कारागीर बहुतेक शहरांत अजून आहे. सावंतवाडी आहे, चन्नपट्टण आहे. आपण त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जातो, भाव पाडून मागतो आणि परत येतो. एकदा विद्यार्थी म्हणून जावे. मात्र रीतसर जावे. गायनाच्या शिक्षकाला देतो तशी फी द्यावी, 'अहो गुरुजी' म्हणावे, आणि शिकून झाल्यावर त्याचेच गिऱ्हाईक पळवू नये. हौशी माणसाने आपली वस्तू भेट द्यावी, विकत घ्यायची ती त्याच्याकडूनच घ्यावी. आजोबांनी सांगितलेली ती वाटणी मोडायची, तर दोन्ही बाजूंनी मोडली पाहिजे. आपल्या मुलांच्या हाती हत्यार यावे आणि त्याच्या मुलांच्या हाती पुस्तक, यात कोणाचेच काही जात नाही.

दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन कातारीच्या दुकानाशी थांबा. त्याची परवानगी घ्या, मुलांना चार पावले मागे उभे करा, आणि ठोकळ्याचा भोवरा होईपर्यंत त्यांना घाई करू नका. त्यांच्यापैकी एखाद्याने "मलाही हे शिकायचे आहे" असे म्हटले, तर काय उत्तर द्यायचे ते मात्र घरून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा.